जिमी क्लिफ: ऐकायला कुठून घ्यावा, सिनेमात काय बघावं, फसगत कुठे होते

तबकडी (धागाकर्ता)

जमैकाचा रेगे गायक आणि नट जिमी क्लिफ २४ नोव्हेंबर २०२५ ला गेला. वय ८१. आधी फेफऱ्याचा झटका आणि मग न्यूमोनिया, असं त्याच्या पत्नीने कळवलं. तेव्हापासून अनेक जण त्याची गाणी शोधत आहेत आणि शोधताना तेच तेच घोळ होत आहेत. एकच अल्बम दोन नावांनी विकला गेलाय, एकच गाणं तीन जणांच्या आवाजात सापडतं, आणि जे गाणं सर्वांत आधी समोर येतं ते मुळात त्याचं नाहीच. ज्यांना माहिती आहे त्यांनी नेमकी भर घालावी म्हणून हा धागा. 'रेगेचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ले याच्या आधीचा तो दुसरा' एवढीच त्याची ओळख राहू नये, ही माझी खरी कळकळ.

सुरुवात मी करून देतो.

मूळ नाव जेम्स चेंबर्स. जन्म ३० जुलै १९४४, जमैकाच्या वायव्येला सेंट जेम्स परगण्यातल्या सॉमर्टन या गावी. चौदाव्या वर्षी शिकायला किंग्स्टनला आला. 'क्लिफ' हे आडनाव त्याने स्वतः घेतलं. क्लिफ म्हणजे कडा; जिथवर चढायचं होतं ती उंची त्याने नावातच लिहून ठेवली.

किंग्स्टनच्या ऑरेंज स्ट्रीटवर लेस्ली काँग हा चिनी वंशाचा जमैकन आपल्या भावांबरोबर 'बेव्हर्लीज' नावाचं दुकान चालवायचा. आइस्क्रीम, खाणंपिणं आणि रेकॉर्डविक्री, सगळं एकाच छपराखाली. काँगला ध्वनिमुद्रणाचा काहीही अनुभव नव्हता. विशीही न गाठलेल्या क्लिफने दुकानाच्या नावावर 'डिअरेस्ट बेव्हर्ली' हे गाणं रचलं, आत जाऊन म्हणून दाखवलं आणि काँगला निर्माता व्हायला राजी केलं. त्यातून १९६२ मध्ये 'हरिकेन हॅटी' निघालं आणि जमैकात गाजलं. (हॅटी हे खरं वादळ. ऑक्टोबर १९६१ च्या शेवटी त्याने बेलीझ शहर उद्ध्वस्त केलं होतं.) त्याच १९६२ मध्ये बॉब मार्लेची पहिली तबकडीही याच काँगने काढली. जमैका स्वतंत्र झाला ६ ऑगस्ट १९६२ ला, म्हणजे हे सगळं स्वातंत्र्याच्या वर्षातलं.

१९६४ च्या न्यू यॉर्क जागतिक मेळ्यात जमैकाने जे कलाकार पाठवले त्यांत बायरन ली, प्रिन्स बस्टर आणि मिली स्मॉल यांच्याबरोबर क्लिफ होता. मग आयलंड रेकॉर्ड्सच्या ख्रिस ब्लॅकवेलने त्याला इंग्लंडला नेलं.

पुढचं जाणकारांनी लिहावं.

कोवळी_पालवी

धागा वाचनखुणेत टाकला आहे. पण स्का, रॉकस्टेडी आणि रेगे या जमैकन संगीतप्रकारांत कानाला नेमका फरक काय कळतो? नावं ऐकलीत, फरक सांगता येत नाही.

ऑफबीट

पालवी, तबल्याची थोडी ओळख असेल तर हे सोपं आहे.

संथ १-२-३-४ मोजा. तिन्ही प्रकारांत गिटार किंवा पियानोचा तुटक ठोका २ आणि ४ वर पडतो. फरक लय, बेस आणि ड्रममध्ये आहे.

स्का (साधारण १९६० ते ६६): लय जलद. बेस पायऱ्या चढल्यासारखा सलग चालतो, ब्रासवाद्यं पुढे. 'हरिकेन हॅटी' याच काळातलं.

रॉकस्टेडी (१९६६ ते ६८): लय बरीच उतरली. त्यामुळे बेसला जागा मिळाली आणि तो सलग चालायचं सोडून तुटक धून वाजवू लागला. ब्रास मागे गेलं, गळा पुढे आला.

रेगे (१९६८ पासून): ऑर्गन शिरला. गिटारच्या दोन ठोक्यांमधली पोकळी ऑर्गनचा डावा हात भरतो, त्यामुळे पृष्ठभाग बुडबुड्यांसारखा हलत राहतो.

ज्याला 'वन ड्रॉप' म्हणतात तो ठेका सत्तरच्या दशकात रुळला. त्यात बास ड्रम आणि स्नेअर दोन्ही तिसऱ्या मात्रेवर एकत्र पडतात आणि पहिल्या मात्रेवर ड्रम गप्प असतो. आपल्याकडे सम ठळक करायची सवय, इथे समच मोकळी सोडलेली. नवख्या वादकाचा हात आपोआप १ वर पडतो आणि सगळी झोकच जाते.

मात्र क्लिफच्या काँगकडच्या गाण्यांत (१९६९ ते ७१) हा रुळलेला वन ड्रॉप शोधू नका. ती गाणी जास्त चपळ आहेत. 'यू कॅन गेट इट इफ यू रिअली वॉन्ट' ऐकताना पाय चालायला लागतात, मान डोलत नाही. हा फरक लक्षात आला की सुरुवातीचा रेगे आणि नंतरचा रेगे कानाने वेगळे करता येतात.

आणखी एक. हे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्या स्पीकरमधून खालचा बेस जवळजवळ येतच नाही, आणि या गाण्यांची निम्मी धून बेसमध्ये आहे. साधा तारेचा हेडफोनही पुरतो. गोव्यात २०१६ पासून 'गोवा सनस्प्लॅश' हा रेगे महोत्सव भरतो, तिथे साउंड सिस्टिमचा (म्हणजे उघड्यावर लावलेल्या मोठ्या स्पीकरांचा) बेस छातीवर येतो. जमैकन निर्माते रस्त्यावरच्या नाचासाठी नेमकं हेच डोळ्यांपुढे ठेवून मिक्स करत.

तबकडी

ऑफबीट, वादकांची नावंही लिहा ना. क्लिफचं कौतुक होतं आणि ही माणसं अंधारात राहतात.

ऑफबीट

बरोबर. काँगच्या ध्वनिमुद्रणांवर वाजवणारा संच 'बेव्हर्लीज ऑल स्टार्स' नावाने ओळखला जायचा. बेस जॅकी जॅक्सन, गिटार हक्स ब्राउन, ऑर्गन विन्स्टन राइट, पियानो ग्लॅडस्टोन अँडरसन, ड्रमवर विन्स्टन ग्रेनन किंवा पॉल डग्लस. हीच मंडळी मेटल्स या जमैकन गायनसंचाच्या तबकड्यांवरही आहेत. म्हणून क्लिफ ऐकल्यावर लगेच 'प्रेशर ड्रॉप' ऐकलं तर घर एकच असल्यासारखं वाटतं.

अमेरिकन गायक पॉल सायमनने क्लिफचं 'व्हिएतनाम' ऐकलं, ते वादक हवे म्हणून १९७१ मध्ये किंग्स्टनच्या डायनॅमिक साउंड्समध्ये गेला आणि तिथे 'मदर अँड चाइल्ड रियुनियन' मुद्रित केलं. जॅक्सन, ब्राउन आणि ग्रेनन तिघेही त्यात आहेत.

पाचवी_ओळ

'व्हिएतनाम' बद्दल थोडं लिहितो, कारण ते वरवर ऐकून सोडून देण्यासारखं नाही.

काव्य म्हणून रचना अगदी साधी आहे. लढणाऱ्या मित्राचं पत्र येतं, लवकरच घरी येतोय म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला तार येते. बस. युद्ध बरं की वाईट यावर भाषण नाही, कुणाला शिव्या नाहीत. आणि चाल? जवळपास आनंदी. पत्राच्या कडव्याला आणि तारेच्या कडव्याला तीच उसळती चाल आहे, संगीत दुःखी होत नाही. दुःख ऐकणाऱ्याने स्वतःहून ओळखायचं. बॉब डिलनने या गाण्याला आपण ऐकलेलं सर्वांत चांगलं निषेधगीत म्हटलं होतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. ते का म्हटलं असेल, याचं उत्तर मला तरी चालीत आणि शब्दांत ठेवलेल्या या अंतरात दिसतं.

हे गाणं गाणारे एक चूक हमखास करतात: दुसऱ्या कडव्याला लय उतरवतात आणि आवाज ओला करतात. तसं केलं की गाणं कोसळतं.

रीळ

सिनेमाबद्दल मी लिहितो. पुढे शेवट उघड केला आहे, पाहायचा असेल तर हा प्रतिसाद नंतर वाचा.

'द हार्डर दे कम', दिग्दर्शक पेरी हेन्झेल, पटकथा हेन्झेल आणि ट्रेव्हर रोन. किंग्स्टनच्या कॅरिब थिएटरात ५ जून १९७२ ला पहिला खेळ झाला. जमैकन माणसांनी जमैकात बनवलेला हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट. अमेरिकेत १९७३ मध्ये रॉजर कॉर्मनच्या न्यू वर्ल्ड पिक्चर्सने आणला आणि केंब्रिजच्या (मॅसॅच्युसेट्स) ऑर्सन वेल्स सिनेमात तो मध्यरात्रीच्या खेळाला कित्येक वर्षं चालला. १६ मिमी फिल्मवर चित्रण करून मग ३५ मिमीवर मोठा केला गेला. म्हणून पडद्यावर दाणे दिसतात. तुमच्याकडची प्रत खराब आहे असं समजू नका.

क्लिफ यात आयव्हनहो मार्टिनचं काम करतो. पात्र खऱ्या माणसावरून घेतलंय. व्हिन्सेंट 'आयव्हनहो' मार्टिन, टोपणनाव ऱ्हायजिन, १९४८ मध्ये तुरुंगातून पळाला आणि ९ ऑक्टोबर १९४८ ला किंग्स्टनजवळच्या लाइम के बेटावर पोलिसांच्या गोळीने मेला. खरा ऱ्हायजिन गायक नव्हता. त्याला गायक करणं, आणि गोष्ट चाळीसच्या दशकातून उचलून रेकॉर्ड धंद्याच्या काळात आणणं, हे हेन्झेलचं काम. तिथेच सिनेमाचा जीव आहे.

पाहताना या जागा सोडू नका:

आयव्हन गावाहून बसने शहरात येतो आणि पहिल्याच तासात हातगाडीवाला त्याचं सगळं सामान घेऊन पसार होतो. त्यानंतर कॅमेरा ज्या गल्ल्यांतून फिरतो त्या सेट नाहीत.

स्टुडिओच्या प्रसंगात टूट्स आणि मेटल्स स्वतः 'स्वीट अँड डँडी' गाताना दिसतात. आयव्हन बाहेरून आत बघतोय. त्याचा चेहरा बघा.

शीर्षकगीत मुद्रित करतानाचा प्रसंग. क्लिफ इथे गायक म्हणून जितका मोकळा आहे तितकाच नट म्हणूनही. ओठ हलवून काम भागवलेलं नाही. पूर्ण शरीर गातंय.

सायकलीचं भांडण. दुरुस्त करून उभी केलेली सायकल दुसऱ्याने बळकावल्यावर आयव्हन चाकू काढतो. त्याआधीचा मवाळ मुलगा आणि नंतरचा माणूस यांतला सांधा इथे आहे, आणि क्लिफ तो एका श्वासात पार करतो.

आयव्हन सुरुवातीला रिआल्टो थिएटरात 'जँगो' हा वेस्टर्न बघतो. शेवटी किनाऱ्यावर पोलिसांनी घेरल्यावर तोच प्रेक्षकवर्ग त्याच्या डोळ्यांसमोर येतो. आपण सिनेमात आहोत आणि नायक इतक्यात मरत नाही, या भ्रमात तो उघड्यावर येतो. क्युबाला जाणाऱ्या जहाजाची शिडी त्याच्या हातून निसटते तो प्रसंग यात जोडून घ्या, मग शेवट अचानक वाटत नाही.

कोवळी_पालवी

पाहिला. अर्धं बोलणं कळलंच नाही. इंग्रजी असूनही.

रीळ

ते इंग्रजी नाही, जमैकन पॅटवा ही तिथली बोली आहे. अमेरिकेतही तो इंग्रजी उपशीर्षकांसह दाखवला गेला. म्हणून प्रत निवडताना इंग्रजी उपशीर्षकं असलेलीच घ्या. यंत्राने आपोआप तयार केलेली चालणार नाहीत. ती पॅटवाला मोडकं इंग्रजी समजून भलतेच शब्द टाकतात.

कानाला मदत म्हणून तीन गोष्टी: 'मी' (इंग्रजीतलं me) हे कर्ताही असतं आणि कर्मही. भूतकाळ क्रियापदात न दिसता संदर्भातून कळतो. 'थ' ऐवजी 'ट' किंवा 'ड' येतो. एवढ्यावर पहिल्या अर्ध्या तासानंतर कान बसतो.

खतावणी

रीळ, पैशाचा मुद्दा राहिला, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा.

सिनेमात निर्माता हिल्टन आयव्हनला गाण्याचे २० डॉलर देऊ करतो. हे जमैकन डॉलर. जमैकाने सप्टेंबर १९६९ मध्ये पौंड सोडून डॉलर आणला, एक डॉलर म्हणजे जुने १० शिलिंग. म्हणजे २० डॉलर = १० पौंड, गाण्याचे सर्व हक्क धरून. आयव्हन नकार देतो, तबकडी स्वतः विकायला निघतो, आणि कुठलाही रेडिओवाला वा दुकानदार तिला हात लावत नाही. शेवटी तो परत येऊन २० डॉलरवरच सही करतो.

हा प्रसंग कसा घडू शकतो हे समजून घ्यायला तेव्हाची साखळी बघा. स्टुडिओचं भाडं निर्माता भरतो. वादकांना गाण्यामागे ठरलेली रक्कम देतो. गायकालाही एकरकमीच. मूळ टेप निर्मात्याच्या ताब्यात, तबकडी छापून घेणारा तो, साउंड सिस्टिमवाल्यांशी आणि रेडिओशी ओळख त्याची. गायकाकडे फक्त गळा. कागदावर रॉयल्टी नाही, त्यामुळे गाणं पुढे लंडनमध्ये गाजलं तरी पैसा निर्मात्यापाशी थांबतो. यातल्या एका माणसाचा लोभ काढला तरी साखळी तशीच राहते. हेन्झेलने हिल्टनला राक्षस केला नाही ते यासाठीच. तो शांत, सभ्य, सुटाबुटातला माणूस आहे.

क्लिफ या व्यवस्थेतून वर आलेला होता. आयव्हनचं काम त्याला इतकं सहज जमलं ते त्यामुळे.

तबकडी

आता खरेदीतली फसगत. मुद्दाम सविस्तर लिहितो.

१९६७: 'हार्ड रोड टू ट्रॅव्हल', आयलंड. अमेरिकेत हाच माल 'कान्ट गेट इनफ ऑफ इट' नावाने. यात रेगे शोधू नका. हा सोल आहे, लंडनच्या क्लबांसाठी केलेला.

१९६९: ब्रिटनमध्ये नुसतं 'जिमी क्लिफ' या नावाने ट्रोजन कंपनीकडून. अमेरिकेत १९७० मध्ये ए अँड एम कंपनीकडून 'वंडरफुल वर्ल्ड, ब्यूटिफुल पीपल' नावाने. अल्बम तोच. 'व्हिएतनाम' आणि 'मेनी रिव्हर्स टू क्रॉस' दोन्हींत आहेत, त्यामुळे दोन्ही विकत घेऊ नका. शीर्षकगीत लोकप्रियतेच्या यादीत ब्रिटनमध्ये ६ व्या आणि अमेरिकेत २५ व्या क्रमांकापर्यंत गेलं.

१९७१: 'अनदर सायकल'. हा अलाबामातल्या मसल शोल्समध्ये केलेला. 'सिटिंग इन लिंबो' यातलं. म्हणजे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध रेगे साउंडट्रॅकवरचं हे गाणं प्रत्यक्षात अमेरिकन दक्षिणेत मुद्रित झालंय. ऐका, गिटारचा तुटक ठोका किती सैल आहे ते कळेल.

१९७२: 'द हार्डर दे कम'चा साउंडट्रॅक. १२ गाणी, त्यांतली ६ क्लिफची. पण दोन गाणी दोनदा आहेत, म्हणजे क्लिफची वेगळी गाणी चारच: शीर्षकगीत, 'यू कॅन गेट इट', 'मेनी रिव्हर्स' आणि 'सिटिंग इन लिंबो'. उरलेली मेटल्स, मेलोडियन्स, स्लिकर्स, डेसमंड डेकर आणि स्कॉटी यांची. बहुतेक गाणी आधी येऊन गेलेली. सिनेमासाठी नव्याने केलेलं गाणं शीर्षकगीतच. २००३ मध्ये दोन सीडींची वाढीव आवृत्ती आली, तिच्या दुसऱ्या सीडीत १९६८ ते ७२ मधली आणखी गाणी आहेत. रेगे पहिल्यांदाच ऐकणाऱ्याने ती घ्यावी. २०२१ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा साउंडट्रॅक राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतला.

यातलं 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' आपल्याकडे बोनी एमचं म्हणून ठाऊक असतं. त्यांचं १९७८ चं. मूळ मेलोडियन्सचं. आधी मूळ ऐका.

पाचवी_ओळ

कुणाचं गाणं कुणी गायलं याची यादी इथेच पूर्ण करू, कारण शोधयंत्रं यात फार गोंधळ करतात.

त्याने गायलेली, पण मुळात इतरांची: 'आय कॅन सी क्लिअरली नाऊ' मूळ जॉनी नॅशचं, १९७२. क्लिफने ते १९९३ च्या 'कूल रनिंग्ज' या सिनेमासाठी गायलं आणि ते अमेरिकेत १८ व्या क्रमांकावर गेलं. 'वाइल्ड वर्ल्ड' कॅट स्टीव्हन्सचं, पण क्लिफचं सिंगल १९७० मध्ये स्टीव्हन्सच्या अल्बमच्या आधी बाजारात आलं आणि ब्रिटनमध्ये ८ व्या क्रमांकापर्यंत पोहोचलं.

त्याची, पण इतरांच्या आवाजात गाजलेली: 'यू कॅन गेट इट' डेसमंड डेकरच्या आवाजात १९७० मध्ये ब्रिटनमध्ये २ ऱ्या क्रमांकावर. 'ट्रॅप्ड' ब्रूस स्प्रिंगस्टीनने मंचावर गायलं आणि ते १९८५ च्या 'वी आर द वर्ल्ड' अल्बममध्ये आलं. मूळ १९७२ चं, कॅट स्टीव्हन्सनेच निर्मिलेलं. दोन्ही जरूर लागोपाठ ऐका. क्लिफचं आवरलेलं आहे, स्प्रिंगस्टीनचं हळूहळू भरत जाऊन फुटतं.

'मेनी रिव्हर्स' किती जणांनी गायलं याची मोजदाद कठीण. हॅरी निल्सन (१९७४, निर्माता जॉन लेनन), लिंडा रॉनस्टॅड, यूबी४०, अ‍ॅनी लेनॉक्स.

झाडपिंपरी

एक प्रश्न मनापासून विचारतो. सिनेमा त्याचा, गाणी त्याची, १९७२ मध्ये जग त्याला ओळखत होतं. मग जागतिक रेगेचा चेहरा मार्ले कसा झाला?

खतावणी

तीन कारणं, आणि तिन्ही एकमेकांत अडकलेली.

ऑगस्ट १९७१ मध्ये लेस्ली काँग हृदयविकाराने गेला, अवघ्या ३७ व्या वर्षी. क्लिफच्या आवाजाला चपखल बसणारा तो संच आणि तो निर्माता एकदमच सुटला.

मग क्लिफने आयलंड सोडलं. ब्लॅकवेलच्या हातात सिनेमामुळे तयार झालेली प्रतिमा होती, बंडखोर जमैकन गायकाची, पण तो गायकच गेला. त्यानंतर थोड्याच काळात मार्लेचा संच वेलर्स ब्लॅकवेलकडे आला. 'कॅच अ फायर' १९७३ चा. आयव्हनने पश्चिमेत जी वाट पाडली तिच्यावरून मार्ले चालत आला, असं मी म्हणेन. मार्लेच्या प्रतिभेला यात काही कमीपणा नाही.

तिसरं कारण क्लिफ स्वतः. त्याला एका खोलीत राहायचं नव्हतं. सोल, रॉक, आफ्रिकन ताल, ब्राझीलचे ढोल, सगळं करून बघायचं होतं. रास्ताफारी हा जमैकन धर्मपंथ हाच रेगेचा गाभा असं जगाने ठरवलं, आणि क्लिफ त्या दशकात इस्लामकडे वळला होता. विकणाऱ्यांना एक ठळक चित्र लागतं. क्लिफचं चित्र दर तीन वर्षांनी बदलत होतं.

झाडपिंपरी

म्हणजे सत्तरच्या दशकानंतरचं सोडून दिलं तरी चालेल?

समुद्रपक्षी

अजिबात नाही! आफ्रिका आणि ब्राझील काढले तर अर्धा क्लिफ गेला.

१९६८ मध्ये तो रिओच्या आंतरराष्ट्रीय गीत महोत्सवात 'वॉटरफॉल' घेऊन गेला आणि तिथे इतका रमला की ब्राझीलशी नातं आयुष्यभर टिकलं. १९८० मध्ये ब्राझीलचा गायक जिल्बेर्तो जिल याच्याबरोबर दौरा केला. पुढे साल्व्हादोर, बाहिया इथे राहिला. बाहियातल्या ओलोदुम या ढोलपथकाबरोबर काम केलं. साल्व्हादोरमध्ये रेगेला जे घरपण मिळालं त्यात त्याचा मोठा वाटा आहे.

१९८० मध्येच वर्णभेदाच्या राजवटीत तो दक्षिण आफ्रिकेत सोवेटोमध्ये गायला. त्या काळावरचा 'बाँगो मॅन' हा माहितीपट जरूर पाहा. कथापटातल्या आयव्हनपेक्षा खरा क्लिफ किती शांत होता हे त्यात दिसतं. १९८५ मध्ये वर्णभेदविरोधी 'सन सिटी' या गाण्यातही त्याचा आवाज आहे.

फ्रान्स आणि आफ्रिकेत विचाराल तर क्लिफ म्हणजे 'रेगे नाइट' (१९८३). सिंथेसायझर, नाचाचा ठेका, अल्बमवर कूल अँड द गँग या अमेरिकन संचाची मंडळी. जाणकार नाकं मुरडतात, पण हजारो लोकांना रेगे हा शब्द याच गाण्याने कळला.

तबकडी

नाकं मुरडणाऱ्यांत मीही होतो, पण मुद्दा मान्य. १९८५ च्या 'क्लिफ हँगर'ला ग्रॅमी मिळालं, तरी तो अल्बम आज ऐकताना ड्रम यंत्र पुढे येतं आणि गळा मागे जातो. त्या काळातल्या बहुतेक तबकड्यांचं हेच दुखणं.

त्यावरचा उतारा २०१२ चा 'रीबर्थ'. निर्माता टिम आर्मस्ट्राँग. जुन्या पद्धतीची वाद्यं, खरा ऑर्गन, सगळे एका खोलीत वाजवतायत असा आवाज. ६८ व्या वर्षी क्लिफ वरचे सूर तसेच घेतो. २०१३ मध्ये यालाही ग्रॅमी. यात त्याने क्लॅश या ब्रिटिश पंक संचाचं 'गन्स ऑफ ब्रिक्स्टन' गायलंय. क्लॅशच्या १९७९ च्या त्या गाण्यात आयव्हनचा उल्लेख आहे. म्हणजे ज्याने आयव्हन रंगवला तोच चाळीस वर्षांनी आयव्हनचं नाव दुसऱ्याच्या गाण्यात घेतोय.

२००३ मध्ये जमैकाचा ऑर्डर ऑफ मेरिट, २०१० मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम. माँटेगो बेमधल्या ग्लॉस्टर अव्हेन्यूला त्याचं नाव दिलंय.

रीळ

नट म्हणून पुढचं थोडक्यात: 'क्लब पॅराडाइज' (१९८६), दिग्दर्शक हॅरल्ड रॅमिस, सोबत रॉबिन विल्यम्स आणि पीटर ओ'टूल. क्लिफची भूमिका मोठी आहे, सिनेमा जेमतेम. १९९० च्या 'मार्क्ड फॉर डेथ'मध्ये तो मंचावर गाताना दिसतो. आयव्हनच्या तोडीची भूमिका त्याला पुन्हा कुणी दिली नाही, आणि मला याचं फार वाईट वाटतं. तो नट म्हणून कच्चा नव्हता.

सुरपेटी

आमच्या हौशी संचात गिटार, कीबोर्ड आणि कहोन (वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) आहे. 'यू कॅन गेट इट' आणि 'मेनी रिव्हर्स' बसवायची आहेत. रेगेचा ठोका गिटारवर निघत नाही, नुसता खरखरतो. काय करावं?

ऑफबीट

खरखरण्याचं कारण जवळजवळ नेहमी डावा हात असतो. क्रम असा ठेवा.

पाचव्या पडद्याच्या वर कुठेही बार कॉर्ड धरा. मोकळ्या तारांचे कॉर्ड नकोत, ते थांबवता येत नाहीत. फक्त वरच्या तीन-चार पातळ तारा वाजवा. जाड तारा बेसच्या जागेत घुसतात. २ आणि ४ वर एकच खालचा फटका. फटका पडताच डावी बोटं सैल करा, पण तारांवरून उचलू नका. उचलली तर तारा गुंजतात, सैल केली नाहीत तर कॉर्ड लांबतो. ब्रिजजवळचा पिकअप लावा, ओव्हरड्राइव्ह बंद, रिव्हर्ब थोडा. आठवडाभर नुसत्या एका कॉर्डवर मेट्रोनोम लावून करा, आणि मेट्रोनोमचा टोला १ व ३ वर ऐकायची सवय लावा.

कीबोर्डवाल्याने ऑर्गनचा आवाज घ्यावा. उजवा हात गिटारबरोबर २ आणि ४ वर, आखूड. डावा हात त्याच्या अर्धी मात्रा आधी आणि अर्धी मात्रा नंतर, हलका. डावा-उजवा-डावा, मग विश्रांती. डावा हात जोरात झाला की ठेका धावायला लागतो, म्हणून त्याचा आवाज उजव्याच्या निम्मा ठेवा.

बेसगिटार नाही, तर कीबोर्डच्या डाव्या हाताला बेस द्यायचा मोह होईल. 'यू कॅन गेट इट'ला तसं करा आणि बुडबुडे सोडा. दोन्ही एका माणसाकडून होत नाहीत.

'मेनी रिव्हर्स'ला यातलं काहीही लावू नका. १९६९ च्या मूळ मुद्रणात रेगेचा ठोका नाहीच. ते चर्चमधल्या भजनाच्या वळणाचं गाणं आहे, कणा ऑर्गनचा, मागे कोरस. यूबी४० ने १९८३ मध्ये ते रेगेत घेतलं आणि लोकांच्या कानात तेच राहिलं. क्लिफचं बसवायचं असेल तर गिटार खाली ठेवा. ऑर्गनचे सूर लांब धरा, कहोनऐवजी फार तर हलकी झांज. पट्टी तुमच्या गायकाला शेवटी जो वरचा सूर घ्यायचाय त्यावरून ठरवा, पहिल्या ओळीवरून नाही. पहिली ओळ खाली असल्याने सगळे पट्टी चढी धरतात आणि शेवटच्या उठावाला गळा चिरतो.

सुरपेटी

गिटार पूर्ण बंद? आमचा गिटारवाला कोरसमध्ये गाऊ शकतो.

ऑफबीट

मग त्याला कोरसमध्येच घ्या. दोन आवाज असतील तर मुख्य गायकाच्या वर एक आणि खाली एक, आणि ओळ संपल्यावरच शिरा. त्याच्या ओळीवर गाऊ नका.